सुरूर ते पोलादपूर : महाबळेश्वर फक्त मधे लागतं

सावित्रीकाठचा

मागच्या आठवड्यात ऑफिसात बोलता बोलता सांगितलं, की लहानपणी मे महिन्यात आम्ही वाईला मामाकडे जायचो ते पोलादपूरहून महाबळेश्वरवरून. शेजारचा म्हणाला, "चैन होती की तुझी! दर सुट्टीत महाबळेश्वर!" आता त्याला काय सांगू. महाबळेश्वरच्या स्टँडवर एसटी थांबायची, आई नळावर माझं तोंड धुवायची (आंबेनळी घाटात माझं पोट हमखास दगा द्यायचं), कंडक्टर घंटी मारायचा आणि गाडी वाईकडे सुटायची. वेण्णा तलावातल्या नावेत मी पहिल्यांदा बसलो तो लग्न झाल्यावर.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की या रस्त्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते अर्ध्याच रस्त्याबद्दल असतं. सुरूर, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, संपलं. गाडी वळते आणि आल्या वाटेनं परत. पुढचे चाळीस किलोमीटर "जमलं तर प्रतापगड करू" एवढ्यापुरते. पण राज्यमार्ग म्हणून तो सलग एकच आहे. पुणे-सातारा हायवेवरच्या सुरूर फाट्याला सुरू होतो आणि मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूरला संपतो. ऐंशीएक किलोमीटर. हिरव्या टोपीचे पांढरे दगड मोजत आम्ही लहानपणी पैजा लावायचो.

माहीत नसणाऱ्यांसाठी मार्ग सांगतो. सुरूर फाट्यावरून वडांखालून दहाएक किलोमीटर वाई. वाईत कृष्णा ओलांडली की पसरणी, आणि पसरणीपासून घाट. दांडेघरचा नाका आला की पाचगणी. मग माथ्यावरून भोसे, भिलार फाटा, गुरेघर, मेटगुताड, अवकाळी, लिंगमळा, वेण्णा तलाव, महाबळेश्वर. तिथून उताराला लागायचं. मेटतळे, वाडा कुंभरोशी, प्रतापगड फाटा, आणि पुढे आंबेनळीची वळणं. घाट संपता संपता सावित्रीचं खोरं मोकळं होतं, रानबाजिरे धरणाचं पाणी दिसतं, कापडे येतं आणि मग पोलादपूर.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १,३७० च्या घरात आणि पोलादपूर शंभरच्याही खाली. म्हणजे वाईकडून चढ सहा-सातशे मीटरचा आणि कोकणाकडे उतार बाराशेच्या वर. माझ्या पोटाची तरी काय चूक?

तुमच्याकडे या रस्त्याचं जे काही असेल ते इथे टाका. फक्त 'पॉइंट' नकोत. त्यांचे धागे आधीच पन्नास आहेत.

तिरकसराव

पॉइंट नकोत म्हणे. मग मका आणि स्ट्रॉबेरी क्रीम तरी चालेल, की तेही वाहतुकीला अडथळा?

वडाची_पारंबी

चांगला धागा. मी वाईची, त्यामुळे सुरुवातीच्या दहा किलोमीटरवर माझा हक्क.

सुरूर-वाई रस्त्याचे वड ज्यांनी जुन्या दिवसांत पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, भर उन्हात खाली गारवा. पुण्याहून एसटीनं येताना डोळा लागला असला, तरी हायवे सोडून गाडी वडांखाली शिरली की अंगाला कळायचं, आलं घर. आता रुंदीकरणात मधले मधले वड गेलेत. बोगद्याला खिडक्या पाडाव्यात तसं ऊन खाली येतं.

वाईत लोक ढोल्या गणपती बघून पुढे जातात. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, मागची बाजू माशाच्या आकाराची, कृष्णेचा पूर आला की पाणी कापून दोन बाजूंना जावं म्हणून. हा आकार गाइड लोकांना पाठ असतो, पण पुराच्या दिवसांत बघायला कोणी थांबत नाही. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. पाचगणीला जाणाऱ्या शंभर गाड्यांतली एकही त्यासाठी ब्रेक मारत नाही. असो. गाव आपलं, कौतुक आपणच करायचं.

आणि पूल ओलांडल्यावरचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. १९२३ चा जन्म. धागाकर्त्यानं पसरणी एका शब्दात उरकली म्हणून ही भर.

सावित्रीकाठचा

ताई, चूक कबूल. आमच्या हिशेबी पसरणी म्हणजे "आता अर्ध्या तासात मामा" एवढंच होतं.

लालडबा

धागा वाचून राहवलं नाही. मी एसटीत ड्रायव्हर होतो. वाई, महाबळेश्वर, महाड ही गाडी लई वर्षं चालवली. आता रिटायर. नातवानं हे खातं काढून दिलंय, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

पसरणी घाट आणि आंबेनळी घाट हे दोन वेगळे प्राणी आहेत. पसरणीचा चढ अंगावर येतो, पण सगळं उघडं. वळणावरून खाली पाहिलं की वाई, धोमचं पाणी, पांडवगड, सगळं दिसतं. समोरची गाडी दोन वळणं आधी कळते. बुवासाहेबाच्या देवळापाशी हात जोडायचा आणि पुढं जायचं. आंबेनळीत तसं नाही. झाडी दाट, वळण आंधळं, आणि पावसाळ्यात धुकं एवढं की बोनेटच्या पुढं काय आहे ते हॉर्नलाच माहीत. क्लीनर नसायचा, मग कंडक्टर खाली उतरून गाडीपुढं चालत जायचा, हातात बॅटरी. मी त्याच्या बॅटरीमागं.

नव्या पोरांना तीन गोष्टी सांगतो. ज्या गिअरवर गाडी घाट चढंल त्याच गिअरवर उतरवायची. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे मी खाली दरीच्या कठड्यात बघितलेत. ब्रेकचा जळका वास आला की थांबायचं, कुंभरोशीला चहा मिळतो. आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. पुण्या-मुंबईची मंडळी हे विसरतात आणि मधोमध गाडी घालून हॉर्न वाजवत बसतात. तिथं एसटीला मागं घ्यायला लावणं म्हणजे काय, ते एकदा माझ्या सीटवर बसून बघा.

पॅसेंजर म्हणाल तर टुरिस्ट थोडे. कोकणातली माहेरवाशीण, देशावरची सोयरी मंडळी, बोचकी, सुकी मासळी. मासळीचं बोचकं टपावर टाका म्हणून कंडक्टर ओरडायचा, तरी ते आतच यायचं. वाईपर्यंत गाडीला वास.

तिरकसराव

लालडबा काका, नमस्कार. मका-स्ट्रॉबेरीचा प्रश्न मागे घेतो.

घाटवाट

हा रस्ता गाड्यांच्या आधीपासून आहे, फक्त जागा थोडी वेगळी होती. महाड म्हणजे सावित्रीवरचं जुनं बंदर. तिथून माल देशावर चढवायचा तो पार घाटानं. प्रतापगडाच्या पायथ्याला पार गाव आहे, रामवरदायिनीचं देऊळ आहे, आणि कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. पूल अजून शाबूत आहे आणि वापरात आहे. कुंभरोशीहून वाट वाकडी करून नक्की बघा. खांबांची पाणी कापणारी टोकं बघितली की वाईच्या गणपतीची पाठ आठवते.

अफजलखान १६५९ मध्ये वाईहून निघून रडतोंडीच्या घाटानं जावळीत उतरला आणि त्याचा तळ पडला पारला. नकाशा समोर ठेवा. वाई, महाबळेश्वरचा डोंगर, खाली पार. आपण एसटीत बसून जातो तीच रेघ, थोडी इकडे तिकडे. रडतोंडी हे नाव त्या उतारावरून पडलं म्हणतात. सावित्रीकाठचा यांच्या पोटाचा दाखला घेतला तर पटतं.

आंबेनळीचा गाडीरस्ता इंग्रजांचा. मुंबईचे गव्हर्नर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्यावरून त्यांनी त्याला फिट्झजेराल्ड घाट म्हटलं. ते नाव कागदावर राहिलं, लोकांच्या तोंडी आंबेनळीच.

आणखी एक. मेटगुताड आणि मेटतळे, दोन्ही नावांत 'मेट' आहे. मेट म्हणजे पहाऱ्याची चौकी. एक चौकी पाचगणीकडच्या बाजूला, एक कोकणाकडच्या. महाबळेश्वरच्या डोंगराला दोन्हीकडून दाराशी पहारेकरी बसलेले. बोर्ड वाचत गेलं की रस्ताच इतिहास सांगतो, पण आपण बोर्डावर फक्त किलोमीटर वाचतो.

दुरुस्ती : धागाकर्त्यानं आंबेनळीची वळणं प्रतापगड फाट्याच्या पुढे सुरू केलीत, ते बरोबर आहे. महाबळेश्वर सोडल्या सोडल्या आंबेनळी म्हणणारे बरेच भेटतात.

लालडबा

घाटवाट साहेब, तुमचं पुस्तकातलं असंल. आमच्याकडं महाबळेश्वरचा स्टँड सोडला की आंबेनळी घाट सुरू, तो खाली कोकण लागेपर्यंत. मेटतळ्याला गाडी बंद पडली तरी "घाटात गाडी पडली" असाच फोन यायचा.

घाटवाट

काका, तुम्ही स्टिअरिंग धरलंय, मी फक्त नकाशा. तुमचंच खरं.

मिलिमीटर

पावसाचा विषय कोणीच काढला नाही? या रस्त्याची गंमत तिथेच आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाचगणी तिथून पूर्वेला जेमतेम १९ किलोमीटर, आणि पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास. घाट उतरून वाईला या, तो आणखी निम्म्याहून खाली. जुलैत एका दुपारी मी महाबळेश्वरहून मुसळधार पावसात निघालो, लिंगमळ्यापर्यंत वायपर पळत होते, गुरेघरला संथ झाले, पाचगणीला भुरभुर, आणि पसरणी घाटाच्या तळाशी रस्ता कोरडा. एक तासही लागला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया, हे भूगोलात चार ओळींत असतं. इथे ते काचेवर दिसतं.

आता पाणी कुठे जातं ते बघा. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. यातली कृष्णा तुम्हाला वाईत भेटते, वेण्णा तलावापाशी, कोयना पारच्या पुलाखाली. या तिन्ही शेवटी एक होऊन बंगालच्या उपसागराला जातात. सावित्री मात्र पश्चिमेला उतरते, पोलादपूर, महाड आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र. प्रतापगड फाट्याच्या आसपास पाणलोट वेगळा होतो. तिथल्या एका टपरीच्या पागोळ्या एका बाजूनं कोयनेला आणि दुसऱ्या बाजूनं सावित्रीला जात असतील अशी माझी आवडती कल्पना आहे. मोजून बघायला गेलो तर टपरीवाला हाकलेल.

हाच पाऊस रस्ता खातोही. २०२१ च्या जुलैत २२ तारखेच्या आगेमागे महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस नोंदवला गेला. आंबेनळीत ठिकठिकाणी दरडी आल्या, काही ठिकाणी रस्त्याचा अर्धा भागच खाली गेला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड कोसळली. महाड तालुक्यात तळीयेही त्याच दिवशी.

सावित्रीकाठचा

मिलिमीटर, ते दिवस विसरता येत नाहीत. गावचे फोन लागत नव्हते. घाट बंद, हायवेवर पाणी. वाईच्या मामेभावाचा फोन लागला, त्याला गावाकडे जायचं होतं, आणि तो सत्तरएक किलोमीटरवर असून आमच्याइतकाच लांब होता.

आणि घाटाचं लिहितोय तर २८ जुलै २०१८ वगळून लिहिता येणार नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दाभीळ टोकाजवळ दरीत गेली. तीस माणसं गेली, एक वाचला. महाबळेश्वरचे आणि पोलादपूरचे ट्रेकर्स भर पावसात दोर लावून उतरले होते. त्या वळणावर आता गाडीत कुणी बोलत नाही. आमच्याकडे तरी.

लालडबा

🙏

कोथरूडकर

फारच माहितीपूर्ण धागा. एक व्यावहारिक प्रश्न. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून महाडला लग्नाला जायचंय, आईवडील बरोबर. वरंध घाट नको असं सगळे म्हणतात. मग सुरूर-वाई-महाबळेश्वर-पोलादपूर असं गेलो तर? वाटेत एक मुक्कामही होईल.

वडाची_पारंबी

मुक्काम होईल, पुढचं सांगता येत नाही. :) वयस्कर माणसं बरोबर असतील तर जुलैत नकोच.

घाटवाट

+१. जुलैच्या शेवटी मी ताम्हिणीनं माणगावला उतरून हायवे धरेन. घाट तोही आहे, दरडी तिथेही येतात, पण उतार एवढा लांब नाही. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी, दोनदा चौकशी करा. आणि आंबेनळीनं यायचंच असेल तर वेगळा बेत ऑक्टोबरात आखा. तेव्हा प्रतापगडाच्या समोरचा मधुमकरंदगड असा काही दिसतो की विचारू नका.

कोथरूडकर

धन्यवाद सर्वांना. ताम्हिणी पक्कं.

सिल्व्हरओक

माझं शिक्षण पाचगणीच्या एका होस्टेलात झालं, त्यामुळे मधल्या तुकड्याची जबाबदारी घेतो.

पाचगणी म्हणजे पाच गावं : दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट. रस्ता यातल्या दांडेघरात नाका देऊन वर घेतो. उंच सरळ सिल्व्हर ओक जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं आणले असं आम्हाला शाळेत सांगायचे. गाव वसवलंही त्यानंच. सुरूरचे वड आणि आमचे ओक यांत फरक असा, की वडाखाली माणूस थांबतो, ओकांमधून फक्त वारा जातो. रविवारी पालकांच्या गाडीची वाट बघत आम्ही ओकांखाली उभे असायचो. पसरणीच्या शेवटच्या वळणावर दिवे दिसले की प्रत्येकाला वाटायचं आपलीच गाडी.

भिलार फाट्यावरून आत गेलं की पुस्तकांचं गाव. ४ मे २०१७ ला सुरू झालं. घराघरांत कपाटं, ओसरीवर बसून वाचा, कोणी उठवत नाही. बाहेर शेतात स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मळे बघायचे तर भिलार-भोसे पट्टा. तिरकसराव, हे खास तुमच्यासाठी.

तिरकसराव

पोचली. क्रीमशिवायच गोड मानून घेतो.

मिलिमीटर

एक वादाचा मुद्दा काढतो. रुंदीकरण हवं की नको? वडांसाठी हळहळणं ठीक, पण शनिवारी संध्याकाळी पाचगणीच्या बाजारात अडकून बघा. तासभर गाडी हलत नाही. त्यात रुग्णवाहिका असली तर?

वडाची_पारंबी

अडकता ना, तिथे पाचगणीत अडकता. सुरूर-वाईत किती वेळ गेला तुमचा? कोंडी जिथे आहे तिथे दुकानं आहेत, इमारती आहेत, त्यांना हात लागत नाही. झाडांना मालक नसतो म्हणून कुऱ्हाड तिकडे वळते. आणि रुंद रस्त्यानं सुसाट आलेल्या गाड्या पसरणी घाटाच्या तोंडाशी गोळा होणार, घाट तर तेवढाच आहे.

मिलिमीटर

घाटाचं पटलं. पण मी वाईच्या शेतकऱ्यांशी बोललोय. ऊस, हळद भरलेली गाडी जुन्या रस्त्यावर समोरून आली की दुचाकीवाला थेट खाली उतरायचा, वडाच्या मुळावर. वडाच्या बुंध्यावर आपटलेले अपघात कमी नाहीत.

लालडबा

दोघांचंही बरोबर आहे. मी त्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे बघून रात्रीची गाडी काढलीय. धुक्यात तेच दिव्यांचं काम करायचे. झाड ठेवून बाजूनं दुसरी लेन काढता आली असती, मधी झाड, दोन्हीकडं रस्ता. जागा कुणी द्यायची हा खरा प्रश्न. माझ्या मेव्हण्याची जमीन रस्त्याला लागून आहे, तोच म्हणतो झाड तोडा पण माझा बांध नको.

वडाची_पारंबी

काका, मेव्हण्यांना वाईच्या बाजारात मला भेटायला सांगा. :)

घाटवाट

खालच्या टोकाचं कोणी लिहीत नाहीये. कापड्यावरून आत उमरठला रस्ता जातो. तानाजी मालुसऱ्यांचं गाव, समाधी आहे. त्याच बाजूनं ढवळ्याला जाता येतं. तिथून चंद्रगड, आणि ढवळे घाटानं थेट आर्थर सीटला चढता येतं. (पॉइंटचं नाव घेतलं, दंड भरतो.) दिवसभराची तंगडतोड. वर माणसं आइस्क्रीम खात उभी असतात आणि आपण चिखलानं माखून कड्याखालून उगवतो. एका काकूंनी मला विचारलं होतं, "खाली पडला होतात का?"

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत लिहिणारे. हायवेला लागायची घाई असते, म्हणून कोणी वळत नाही.

सावित्रीकाठचा

घाटवाट, आमच्या टोकाला न्याय दिलात. आमच्या आजीचं घर कापड्याच्या अलीकडेच. ती महाबळेश्वरला 'वर' म्हणायची आणि वाईला 'पलीकडे'. "वर पाऊस लागलाय" म्हणजे संध्याकाळपर्यंत सावित्रीला पाणी येणार. "पलीकडची माणसं" म्हणजे सोयरे. माझ्या आईला पलीकडून आणली, हे ती शेवटपर्यंत असं सांगायची, जणू समुद्र ओलांडून आणली.

या दिवाळीत बेत ठरवलाय. गाडी न्यायची नाही. मुलीला घेऊन पोलादपूरला एसटीत बसायचं, कुंभरोशीला उतरून पारचा पूल दाखवायचा, पुढची गाडी धरून वाई. महाबळेश्वरला स्टँडवर तोंड धुवायचं. मामा आता नाहीत, मामी आहेत.

लालडबा काका, सकाळच्या गाडीला कोणती सीट धरू?

लालडबा

ड्रायव्हरच्या मागची, खिडकी. चाकावरची सीट घेऊ नका, पोरीला सोसायची नाही. खिशात आलेपाक ठेवा. मेटतळ्यापर्यंत काही झालं नाही म्हणजे पोर तुमच्यावर गेली नाही.